लहान मुलांना घेऊन कोल्हापुरात कुठं जावं?

एका आईनं विचारलंय: बदलीमुळे कोल्हापुरात येऊन चार महिने झाले. मुलगी सहा वर्षांची, मुलगा अडीचचा. एका रविवारी पन्हाळ्याला गेलो, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच सगळा गड पाहिला आणि दोन्ही मुलं रडून हैराण झाली. आता रविवार आला की मॉलच बरा वाटतो. इतक्या लहान मुलांना इथं नेण्यासारखं काय आहे?

ताई, मी सव्वीस वर्षं बालवाडी चालवते. शनिवारी आम्ही पोरांना घेऊन बाहेर पडतो, महिन्यातून एकदा आईवडिलांसकट. पहिल्या वर्षी पन्हाळ्याची सहल मीही अगदी तुमच्यासारखीच काढली होती. अठरा मुलं, एक गाडी आणि सज्जा कोठी, अंबरखाना, तीन दरवाजा, पुसाटी बुरूज सगळं एका दिवसात. सोमवारी वर्गात चित्रं काढायला बसवलं. अकरा जणांनी भाजलेलं कणीस काढलं, उरलेल्यांनी अंधारबाव. वर्गातले काळे खडू त्या दिवशी संपले. बुरूज एकानंही काढला नाही. त्या सोमवारपासून मी एक नियम धरलाय: एका खेपेला एकच जागा, आणि त्या जागी पोराच्या हातापायांना काहीतरी काम. नुसतं "ते बघ" म्हणून बोट दाखवलेलं या वयात डोक्यात राहत नाही.

तेव्हा पन्हाळा टाकू नका, पुन्हा जा. शहरापासून जेमतेम वीस किलोमीटर आहे. सकाळी सातला निघा. थेट तीन दरवाजाजवळच्या अंधारबावीवर जा आणि तिथंच थांबा. तीन मजली विहीर ती, आत अंधार, गार हवा, दगडी पायऱ्या, भिंतीतल्या खिडक्या. मुलीच्या हातात एक छोटी बॅटरी द्या आणि पायऱ्या तिला मोजू द्या. मुलाला कडेवर घ्या, पायऱ्या उंचसखल आहेत. वर आलात की गडावरच्या एखाद्या ताईकडं बसून झुणका-भाकर खा. मग अंबरखान्याला जायचं असेल तर तिथं एकच काम: आत उभं राहून हाक मारायची आणि घुमलेला आवाज ऐकायचा. ही धान्याची कोठारं. सगळ्यात मोठ्या कोठीचं नाव गंगा, बाकीच्या दोघींची यमुना आणि सरस्वती. माझ्या मुलांना ही नावं फार आवडतात, कोठाराला बाईचं नाव असतं याची त्यांना गंमत वाटते. साडेदहाला गाडी परतीला लागली पाहिजे. २०२५ साली हा गड जागतिक वारसा यादीत गेला, ते मुलीला पुढं शाळेत कळेल. सिद्दी जौहरचा वेढा, १६६० सालची ती पावसातली रात्र आणि बाजीप्रभूंची गोष्ट मात्र आत्ता सांगा, आणि गडावर नको, घरी, झोपताना. गडावर वारं, माकडं, कणसं इतकं काही चालू असतं की गोष्ट हवेत जाते. सज्जा कोठीकडं मी अडीच वर्षांच्या मुलाला नेणार नाही. कडा आहे, आणि आई पूर्ण वेळ धास्तीत राहते. आई धास्तीत असली की पोराला ते लगेच कळतं.

आता रोजच्या जागा. संध्याकाळचा रंकाळा सगळेच सांगतील, पण चौपाटीवर रविवारी संध्याकाळी सहाला जाऊ नका. खेळणीवाले, घोडे, फुगे, भेळेच्या गाड्या आणि गर्दी. मूल दर पाच पावलांवर काहीतरी मागतं आणि तुम्ही दर पाच पावलांवर नाही म्हणता. सकाळी सातला तोच रंकाळा वेगळा असतो. संध्यामठाच्या बाजूला बसा. पावसाळ्यात हा मठ अर्धा पाण्यात असतो, उन्हाळ्यात पाणी उतरलं की मोकळा होतो. वर्षातून तीन वेळा त्याच जागेवरून मुलीला त्याचं चित्र काढायला लावा आणि तिन्ही कागद जपून ठेवा. कितवा खांब बुडाला, कुठवर ओलं आहे हे ती स्वतः शोधेल. तिथल्या नंदीची गोष्टही सांगा. लोक सांगतात, हा नंदी रोज गव्हाच्या दाण्याएवढा पुढं सरकतो आणि तांदळाच्या दाण्याएवढा मागं. आमच्या वर्गात एकदा पोरांनी खरंच गव्हाचा आणि तांदळाचा दाणा शेजारी ठेवून मोठा कुठला ते बघितलं. त्या दिवशीचं गणित तिथंच झालं.

भेळ खायचीच असेल तर तिखट चटणी अजिबात नको म्हणून आधी सांगा, मागाहून नाही. मिसळीचंही तेच. पोरांना कट बाजूला ठेवून नुसती मटकी, फरसाण आणि दही द्या. आणि शहरातल्या दूधकट्ट्यांवर म्हैस दारात उभी करून समोर धार काढून देतात, ते बघायला मुलांना जरूर न्या. फेसाचा पेला, म्हशीचा वास, धारेचा आवाज, हे शहरातल्या मुलाला दुसरीकडं कुठं मिळायचं नाही. पण दूध किटलीत घेऊन घरी या, उकळा आणि मग द्या. माझे वडील धारोष्ण दुधावर वाढले हे मला माहीत आहे, तरी पाच वर्षांखालच्या मुलाला मी कच्चं दूध देत नाही. कच्च्या दुधातून क्षयासारखे आजार येऊ शकतात.

टाऊन हॉलची बाग जवळ आहे, सावली आहे, तोफा आहेत, मुलं खूश असतात. तिथल्या संग्रहालयात वीस मिनिटं पुरतात. सहा वर्षांच्या मुलीला आत एकच वस्तू शोधायला सांगा: हातभरसुद्धा नसलेला पितळी रंगाचा एक समुद्रदेव. तो ग्रीकांचा देव, पोसायडन, पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४०च्या दशकात खोदकाम झालं तेव्हा सापडला. समुद्र इथून इतका लांब, मग समुद्राचा देव इथं कसा आला, असं मुलगी विचारेल. जहाजातून व्यापारी आले आणि घाट चढून इथवर माल आला एवढं सांगितलं तरी तिचं समाधान होतं. माझ्या मुलांपैकी एकानं "तो वाट चुकला" असं उत्तर दिलं होतं, तेही वर्गानं मान्य केलं.

नवीन राजवाड्याबद्दल एक सूचना. इमारत सुंदर आहे, काळ्या दगडाची, १८८४ साली पूर्ण झालेली. मनोऱ्यावर घड्याळ आहे, आवारात हरणं दिसतात. पण आतल्या संग्रहालयात शिकार करून पेंढा भरलेले बरेच प्राणी आहेत. तीन-चार वर्षांची मुलं तिथं दोन प्रकारे वागतात. काही घट्ट बिलगतात, काही विचारतात की हा का मेला. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर द्यायची तयारी असेल तरच आत जा. नाहीतर बाहेरच घड्याळात किती वाजले ते वाचा, हरणं बघा आणि घरी या. आम्ही चार वर्षांखालच्या मुलांना आत नेत नाही.

कणेरी मठावरचं सिद्धगिरी संग्रहालय तुम्हाला कुणीतरी सांगितलंच असेल. जुन्या खेड्याचं जगणं माणसाएवढ्या पुतळ्यांतून उभं केलंय: कुंभार, लोहार, सुतार, वैद्य, मोटेवरचा शेतकरी. पुतळे इतके खरे वाटतात की तुमचा मुलगा एखाद्याशी बोलायला जाईल आणि उत्तर आलं नाही की घाबरेल. आधी एका पुतळ्याच्या हाताला हात लावू देण्याची परवानगी आहे का ते विचारा, नसेल तर लांबूनच "हे पुतळ्याचे बाबा" असं सांगून मग पुढं चला. चालणं भरपूर आहे आणि ऊन लागतं. अर्ध्यातून परत फिरलात तरी काही बिघडत नाही. शक्य असेल तर आजी-आजोबांना सोबत न्या. जातं, उखळ, पाटा-वरवंटा बघून आजी जे सांगेल ते कुठल्याच पाटीवर लिहिलेलं नसतं. आमच्या एका मुलाच्या आजीनं तिथं उभ्या उभ्या तीन ओव्या म्हटल्या, आसपासची अनोळखी माणसंही थांबून ऐकत होती.

आता माझ्या आवडीची जागा. तिच्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे.

दसरा झाला की गुऱ्हाळं पेटतात. मार्चपर्यंत कुठलं ना कुठलं चालू असतं. कोल्हापूरचा गूळ जगभर गेला, त्याला भौगोलिक मानांकन मिळालं, शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली तीही गुळाच्या पेठेसाठीच. पण इथं जन्मलेल्या कितीतरी मुलांनी गूळ होताना पाहिलेला नाही. पन्हाळा रस्त्याला लागा, करवीर तालुक्यातल्या कुठल्याही ऊसपट्ट्यातल्या गावात जा. उसाच्या फडांवर पांढरा धूर दिसला आणि गोड करपट वास आला की गुऱ्हाळ जवळ आलं. मालकाला आधी विचारा. मी आजवर विचारलेल्या कुणीही नाही म्हटलेलं नाही, उलट पोरांच्या हातावर गूळ ठेवल्याशिवाय सोडत नाहीत.

तिथं मुलांना क्रमानं सगळं दिसतं, आणि म्हणूनच ही जागा लहानांसाठी इतकी चांगली आहे. एका बाजूला ऊस घाण्यात जातो, दुसऱ्या बाजूनं रस येतो आणि चिपाडं बाहेर पडतात. चिपाडं वाळवून तीच चुलवाणात जाळतात. काहिलीत रस उकळतो, त्यात भेंडीचं पाणी घालतात, मळी वर येते, ती काढून टाकतात. रसाचा रंग बदलत जातो, बुडबुडे मोठे होत जातात. गुळव्या मधूनच थोडा पाक पाण्यात टाकून बोटांनी गोळी होते का बघतो. त्याच्या नजरेवर सगळा माल अवलंबून असतो. मुलीला त्याच्या हाताकडं बघायला सांगा. मग काहील वाफ्यात ओततात, ढवळतात आणि गूळ निवायला लागतो. गरम गुळात शेंगदाणे घालून खायला मिळाले तर आयुष्यभर विसरणार नाही ती. काकवीची बाटली भरून घ्या, घरी भाकरीवर घालून खाल्ली की सगळी सहल पुन्हा आठवते.

धोका तिथं खरा आहे, म्हणून नीट ऐका. काहिलीपासून पाच-सहा मोठी पावलं लांब एक रेघ मनात ठरवा, मुलांना आत जाताना सांगा की या रेघेपलीकडं आईचा हात धरल्याशिवाय जायचं नाही. घाण्याच्या जवळ तर अजिबात नाही. अडीच वर्षांचा मुलगा पूर्ण वेळ कडेवर किंवा हातात. दोन मोठी माणसं असतील तरच जा, एकट्यानं दोन मुलांना घेऊन नको. चिखल, चिपाडं, मधमाश्या असतात. बूट घाला, सँडल नको. एवढं पाळलं की तास-दीड तास कसा जातो कळत नाही.

कुस्तीच्या तालमीत न्यायचं असेल तर ते काम वडिलांवर किंवा आजोबांवर सोपवा, कारण काही तालमींत बायकांनी मातीच्या हौद्यापर्यंत जाण्याचा रिवाज अजून नाही. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी, कुठंही चालेल. वस्तादांना विचारायचं, चपला बाहेर काढायच्या, हनुमंताला नमस्कार करायचा आणि कोपऱ्यात गप्प बसायचं. तांबडी माती, तिच्यात घातलेलं ताक, हळद, तेल यांचा वास आणि शड्डूचा आवाज. मुलीलाही न्यावं, वस्ताद हो म्हणाले तर. घरी आल्यावर दोन्ही मुलं गादीवर आठवडाभर शड्डू ठोकतील, त्याची तयारी ठेवा.

एक फुकटची सहल फार कमी लोक करतात. गणपतीच्या आधी दोन महिने शाहूपुरीची कुंभार गल्ली, गंगावेशची कुंभार गल्ली किंवा बापट कॅम्प, कुठंही सकाळी अकराच्या सुमारास चक्कर टाका. रंग नसलेले, डोळे नसलेले गणपती रांगेनं वाळत असतात. आठवड्यानं त्याच गल्लीत पुन्हा जा, मग पुन्हा. मूर्तीला रंग चढत जातो आणि शेवटी डोळे येतात. डोळे आले की मुलं एकदम गप्प होतात, मी दरवर्षी बघते. कामाच्या घाईत कारागिरांना त्रास नको, पण मूठभर शाडू मागितली तर देतात. बेंदराच्या आधी मातीचे बैल असतात, तेही असेच.

पावसाळ्यात लोक धबधब्याकडं गाड्या वळवतात. मी लहान मुलांना घेऊन जात नाही. एका पावसाळ्यात आमच्या सहलीतली एक चार वर्षांची मुलगी पंचगंगा घाटावर शेवाळावरून घसरली आणि हनुवटीला तीन टाके पडले. घाटावर तिला मीच नेलं होतं, ते मी विसरलेले नाही. आता जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही पाण्याकडं जात नाही, पाण्याचा आकडा मोजतो. राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी तेव्हा सगळ्या शहराच्या तोंडी असते: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. भिंतीवर एक कागद लावा आणि मुलीला रोज आकडा लिहून रेघ ओढायला सांगा. आषाढात मंगळवारी-शुक्रवारी गल्लीगल्लीतून त्र्यंबोली देवीला नदीचं नवं पाणी जातं. पी ढबाक वाद्यांचा आवाज आला की पोरांना घेऊन दारात उभं राहायचं. घागरी घेतलेल्या मुली, गजरे, हलगी. वीस मिनिटांत मिरवणूक पुढं जाते आणि अडीच वर्षांच्या मुलाला वीस मिनिटं पुरेशी असतात. टेंबलाईच्या, म्हणजे त्र्यंबोलीच्याच, टेकडीवर त्या दिवशी चढू नका, गर्दी फार. अंबाबाईच्या देवळाबाबतही तसंच: नोव्हेंबर आणि जानेवारीअखेरचा किरणोत्सव, नवरात्र, शुक्रवार हे दिवस टाळा. एरवी पहाटे गेलात तर कोरलेले हत्ती मोजायला भरपूर आहेत.

दाजीपूरला मुलगी आठ वर्षांची झाल्यावर जा. गवा दिसेलच असं नाही, आणि तासन्‌तास खडखडत्या जीपमध्ये लहान मूल वैतागतं. खिद्रापूरला आधी जाता येईल. साठेक किलोमीटर आहे, पण कोपेश्वराच्या देवळातल्या स्वर्गमंडपात मधल्या गोल शिळेजवळ उभं राहून वर बघितलं की छताला मोठं गोल भोक आहे आणि त्यातून आभाळ दिसतं. भोवती ४८ खांब. मुलं तिथं लपाछपी खेळतात, खेळू द्या. येताना नृसिंहवाडीला थांबून कवठाची बर्फी घ्या.

रोजच्या रोज पाय मोकळे करायला मात्र शिवाजी विद्यापीठाचा परिसर. ८५३ एकर, झाडं, तळी, सकाळी मोरांचा आवाज. रिकामी काडेपेटी द्या आणि तिच्यात मावतील अशा दहा वेगवेगळ्या वस्तू गोळा करायला सांगा: बी, पीस, खडा, वाळकं पान. महागडं खेळणं याच्यापुढं टिकत नाही.

आणि या रविवारी कुठं जायचं हे विचाराल तर स्टेशनवर. कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन, १८९१ पासून. आधी मुलांना रूळ संपतात ती जागा दाखवा. गाडीला पुढं जायला रस्ताच नाही, हे मुलाला बराच वेळ पुरेल. मग मिरजेकडं जाणारी पॅसेंजर पकडा, गूळ मार्केट आणि वळिवडे मागं टाकून रुकडीला उतरा. मधे पंचगंगेवरचा पूल लागतो. पुलावर गाडीचा आवाज बदलतो, त्यासाठी डोळे मिटून कान द्यायला सांगा. वळिवड्याला मुलीला सांगा की दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते ४८, पोलंडमधून घर सुटलेली हजारो माणसं इथं छावणीत राहिली. त्यांत तिच्याएवढी मुलंही होती, इथंच शाळेत जायची. महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ आहे, पुढच्या वेळी घसरगुंडी खेळायला जाल तेव्हा तो शोधायला सांगा.

पिशवीत एवढंच: पाणी, दोन केळी, शेंगदाण्याचा लाडू, एक जुना टॉवेल, मुलाचा एक जादा कपड्यांचा जोड. मुलीच्या खिशात तुमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी. तिकिटं मुलीच्या हातात द्या, ती हरवणार नाही. दुपारी एकच्या आत मुलगा घरी अंथरुणावर पाहिजे, म्हणून परतीच्या गाडीची वेळ आदल्या रात्री बघून ठेवा. गाडीला फार अवकाश असेल तर रुकडीहून बस किंवा रिक्षानं या.